शाब्दिक उदाहरण नेमकं अडतं कुठे? आठवीच्या गृहपाठातली पाच गणितं, ओळीओळीने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला. समीकरण मांडून दिलं की पटापट सोडवते, पाढे पक्के, सूत्रं पाठ. पण शाब्दिक उदाहरण दिसलं की "मला कळलंच नाही" म्हणते आणि वही तुमच्याकडे सरकवते. तुम्ही सोडवून दाखवलंत की "हं, कळलं", आणि दोन दिवसांनी तसंच उदाहरण पुन्हा अडतं. सोबत गृहपाठातली पाच उदाहरणं आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, पायऱ्या करून कशा घ्यायच्या आणि आपण किती सांगायचं.

हायस्कूलला गणित शिकवण्यात आणि वह्या तपासण्यात माझी नोकरी सरली, त्या जोरावर आधी निदान सांगते. तुमच्या लेकीची आकडेमोड अडत नाही. उदाहरण वाचून झाल्यावर आणि वहीत पहिली ओळ उमटण्याआधी जे व्हायला हवं, ते होत नाही. बहुतेक मुलं उदाहरण वाचत नाहीत, त्यातले आकडे वेचतात. चौपट, ५, तिप्पट, २ एवढं हाती आलं की "बाई, यात गुणाकार करायचा का भागाकार?" हा प्रश्न येतोच. तो प्रश्न आला, की समजायचं उदाहरण वाचलेलं नाही.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा असे. पहिलं समीकरण लिहिण्याआधी वहीत शब्दांत लिहिलेलं काहीतरी दिसलं पाहिजे. काय शोधायचंय ते पूर्ण वाक्यात, एककासकट. मग कोणत्या दोन गोष्टी सारख्या आहेत, तेही साध्या मराठीत, अक्षर न वापरता. शक्य असेल तिथे उत्तराचा अंदाज. आणि सगळं झाल्यावर ताळा, तोही समीकरणात नाही तर मूळ उदाहरणात. यातलं काहीच नवीन नाही, पुस्तकात 'समजा' आणि 'पडताळा' हे शब्द असतातच. फक्त मुलं 'समजा'ची ओळ अर्धी लिहितात आणि 'पडताळा' गाळतात.

सेमीच्या मुलांसाठी आणखी एक. पुस्तक इंग्रजीत असलं तरी उदाहरण तिला मराठीत, स्वतःच्या शब्दांत, पुस्तक मिटून सांगायला लावा. सांगता आलं तर कळलंय. अडखळली तर अडचण गणिताची नाही, त्या इंग्रजी वाक्याची आहे, आणि तिथे तुम्ही खुशाल मदत करा. खाली मी 'क्ष' आणि 'य' लिहिते, ती वहीत तिची नेहमीची अक्षरं लिहील.

आता तिची उदाहरणं घेऊ.

पहिलं वयाचं. "आईचे आजचे वय मुलाच्या आजच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी आईचे वय मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या तिपटीपेक्षा २ वर्षांनी कमी असेल. तर दोघांची आजची वये काढा."

फोटोत तिची पहिली ओळ दिसते: "मुलगा = क्ष". पेन्सिल इथेच थांबवा. मुलगा म्हणजे क्ष नव्हे. ओळ अशी हवी: "मुलाचे आजचे वय क्ष वर्षे मानू." यातला 'आजचे' हा शब्द गाळला की पुढे पाच वर्षं कुणात मिळवायची याचा गोंधळ सुरू होतो, आणि नव्वद टक्के मुलांचं वयाचं उदाहरण तिथेच घसरतं असं म्हटलं तर माझ्याबरोबरचे शिक्षकही मान डोलावतील. नंतर वहीत दोन ओळी मांडायच्या:

आज: मुलगा क्ष, आई ४क्ष
५ वर्षांनी: मुलगा क्ष + ५, आई ४क्ष + ५

मग अक्षरांशिवाय एक वाक्य: "५ वर्षांनंतरचं आईचं वय म्हणजे ५ वर्षांनंतरच्या मुलाच्या वयाची तिप्पट, त्यातून २ वजा." हे वाक्य तिने उच्चारलं की समीकरण जवळजवळ आपोआप उतरतं:

४क्ष + ५ = ३(क्ष + ५) − २
४क्ष + ५ = ३क्ष + १५ − २
४क्ष + ५ = ३क्ष + १३
४क्ष − ३क्ष = १३ − ५
क्ष = ८

मुलाचं आजचं वय ८ वर्षे, आईचं ३२ वर्षे. ताळा: पाच वर्षांनी १३ आणि ३७. तेराची तिप्पट ३९, त्यातून २ गेले ३७. जमलं.

ताळा मूळ उदाहरणातच का करायचा, ते याच उदाहरणातल्या तीन नेहमीच्या चुकांवरून कळेल. पहिली चूक, कंस विसरून ३क्ष + ५ लिहिणं. मग समीकरण होतं ४क्ष + ५ = ३क्ष + ५ − २ आणि क्ष येतो उणे २. उणे दोन वर्षांचा मुलगा! ही चूक स्वतःच ओरडून सांगते. दुसरी चूक, पाच वर्षं फक्त आईला लावायची आणि मुलाला तिथेच ठेवायचं. तेव्हा क्ष उणे ७ येतो, तीही लपत नाही. तिसरी मात्र लबाड. "२ वर्षांनी कमी" वाचलं की मुलं आईच्या बाजूलाच २ वजा करतात, कारण वाक्यात 'आईचे वय' आधी आणि 'कमी' नंतर येतं: ४क्ष + ५ − २ = ३(क्ष + ५). क्ष येतो १२. मुलगा १२, आई ४८, दिसायला अगदी शहाणं उत्तर. समीकरणात क्ष = १२ घालून ताळा केला तर दोन्ही बाजू ५१ येतात, म्हणजे ताळाही 'जमतो'. पण उदाहरणात घालून बघा: पाच वर्षांनी १७ आणि ५३, सतराची तिप्पट ५१, आई त्यापेक्षा २ ने मोठी निघाली. उदाहरणात तर कमी म्हटलंय. समीकरणातला ताळा फक्त आकडेमोड बरोबर आहे एवढंच सांगतो. मांडणीची चूक पकडायची तर परत उदाहरणाच्या वाक्यापाशी जावं लागतं.

दुसरं उदाहरण सूट व कमिशन प्रकरणातलं. "एका वस्तूची खरेदी किंमत ५०० रुपये आहे. छापील किमतीवर २०% सूट देऊनही दुकानदाराला १२% नफा होतो. तर छापील किंमत किती?"

शेकडेवारीच्या उदाहरणात मी एकच प्रश्न विचारते: शेकडा कशाचा? प्रत्येक टक्क्याच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहायला लावते. २०% छापील किमतीचे, १२% खरेदी किमतीचे. एवढं लिहून झालं की उदाहरणाचे दोन तुकडे वेगळे पडतात. नफा १२% म्हणजे ५०० वर ६०, म्हणून विक्री किंमत ५६० रुपये. आता २०% सूट म्हणजे गिऱ्हाईक छापील किमतीच्या ८०% देतं. छापील किंमत क्ष रुपये मानू.

क्ष चे ८०/१०० = ५६०
क्ष = ५६० × १००/८०
क्ष = ७००

छापील किंमत ७०० रुपये. ताळा: ७०० चे २०% म्हणजे १४०, उरले ५६०.

वर्गात निम्म्या वह्यांत ६७२ दिसतं, कारण "२०% सूट होती, तर उलट जाताना २०% मिळवू" असा सरळ विचार: ५६० चे २०% ११२, बेरीज ६७२. ताळ्यात ते टिकत नाही, ६७२ चे २०% होतात १३४.४०, उरतात ५३७.६०. तिला हे तुम्ही सांगू नका. तिने ६७२ काढलं तर म्हणा, "बरं, आता दुकानात जाऊन ६७२ वर सूट घेऊन दाखव." चूक तिला स्वतःलाच सापडते, आणि अशी सापडलेली चूक सहसा पुन्हा होत नाही.

तिसरं चलन प्रकरणातलं, मजुरांचं. "२० मजूर एका शेतातली कांद्याची लागवड १८ दिवसांत पूर्ण करतात. काम सुरू झाल्यावर ६ दिवसांनी ५ मजूर निघून गेले. तर उरलेले काम किती दिवसांत पूर्ण होईल?"

इथे अंदाज आधी. सगळे थांबले असते तर आणखी १२ दिवस लागले असते. पाच जण गेले, म्हणजे १२ पेक्षा जास्त दिवस लागणार. हे वाक्य वहीत लिहून ठेवलं की त्रैराशिक उलटं मांडून ९ दिवस उत्तर आणणारं मूल स्वतःच चमकतं. माणसं कमी झाली आणि काम लवकर झालं, असं कोणत्या शेतात होतं?

मी हे उदाहरण मजूर-दिवसांत करून घेते. एका मजुराचं एका दिवसाचं काम हे एकक. पूर्ण काम २० × १८ = ३६० मजूर-दिवस. पहिल्या सहा दिवसांत झालं २० × ६ = १२०. उरलं २४०. मजूर उरले १५. २४० ÷ १५ = १६ दिवस. अंदाजाशी जुळतं. प्रश्न 'उरलेले काम' असा आहे म्हणून १६. 'एकूण किती दिवस लागले' असं विचारलं असतं तर २२. शेवटचं वाक्य पुन्हा वाचायची सवय इथे कामी येते, सगळं बरोबर करून चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देणारी मुलं थोडी नाहीत.

मजूर-दिवसांची पद्धत मला व्यस्तचलनाच्या सूत्रापेक्षा आवडते, हा माझा कल. पुस्तकातली मांडणी 'म × द = स्थिरांक' अशी असते आणि परीक्षेत ती यायला हवीच. पण तो स्थिरांक म्हणजे 'एकूण काम' आहे हे मुलीला दिसलं पाहिजे. ते दिसलं की उद्या मजूर दोनदा निघून गेले किंवा मध्येच चार नवे आले, तरी ती डगमगणार नाही.

तिच्या वहीत याच उदाहरणात एक ओळ आहे, ती फोटो मोठा करून बघा: "२० × १८ = ३६० − १२० = २४० ÷ १५ = १६". उत्तर बरोबर, ओळ साफ खोटी. वीस गुणिले अठरा म्हणजे तीनशे साठ वजा एकशेवीस कसं होईल? बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'पुढे चला' असा घेतला की असं होतं. आज उत्तर येतंय म्हणून कुणी टोकत नाही, आणि नववी-दहावीत दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची वेळ आली की समीकरणं कोलमडतात. प्रत्येक क्रिया वेगळ्या ओळीवर, आणि त्या ओळीच्या डाव्या टोकाला ते काय आहे ते लिहिलेलं: "एकूण काम =", "झालेले काम =", "उरलेले काम =". दहावीला बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा असतो आणि तपासणारा पायऱ्यांना गुण देतो. शेवटी आकडेमोड चुकली तरी वरच्या ओळी पदरात काहीतरी टाकतात, पण त्या ओळी वाचता तर आल्या पाहिजेत.

चौथं, दोन अंकी संख्येचं. "एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या काढा."

दशकस्थानचा अंक क्ष, एककस्थानचा अंक य मानू. यापुढे मुलं संख्या 'क्षय' अशी लिहितात. तो तर गुणाकार झाला. तिला ४७ ही संख्या उलगडायला लावा: चार दशक म्हणजे ४ × १०, आणि सात. मग मूळ संख्या १०क्ष + य, उलटलेली १०य + क्ष.

(१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७
९य − ९क्ष = २७
य − क्ष = ३

आणि य + क्ष = ११. दोन्हींची बेरीज करून २य = १४, य = ७, क्ष = ४. संख्या ४७. ताळा: ४ + ७ = ११, ७४ − ४७ = २७.

या उदाहरणात थोडं रेंगाळा. अंक उलटे केल्यावर येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, कारण तो ९(य − क्ष) आहे. म्हणजे उदाहरणात २७ ऐवजी २५ छापलं असतं तर सोडवायला बसायचंच कारण नव्हतं. मुलांना हे फार आवडतं. कुणालाही दोन अंकी संख्या धरायला सांगून गंमत करता येते. शिवाय एक व्यावहारिक उपयोग. हिशेबाच्या बेरजेत फरक ९ च्या पटीत आला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय जुने कारकून घेत, आणि बऱ्याचदा तो खरा निघे. आपल्याकडे ही अदलाबदल सहज होते, कारण 'सत्तेचाळीस' ऐकताना सात आधी कानावर पडतो आणि लहान मूल ७४ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ते मुलांच्या सोयीसाठी आहे असं परोपरीने सांगितलं, विनोद व्हायचे ते झालेच. वर्गातल्या माणसाला त्यातली सोय कळत होती.

पाचवं उदाहरण सगळ्यात चांगलं, आणि तिने तेच कोरं सोडलंय. "एका व्यक्तीने पगाराचा १/३ भाग घरभाड्यावर खर्च केला. उरलेल्या रकमेचा १/४ भाग किराण्यावर, व त्यानंतर उरलेल्या रकमेचा २/५ भाग मुलांच्या फीवर खर्च केला. शेवटी १०,८०० रुपये उरले. तर पगार किती?"

अडण्याचं कारण 'उरलेल्या रकमेचा' हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा रक्कम वेगळी असते. मुलं १/३, १/४ आणि २/५ यांची बेरीज करायला धावतात, ती ५९/६० येते, आणि मग पगार निघतो ६,४८,००० रुपये. पुस्तकातल्या माणसाला एवढा पगार नसतो, हाही एक ताळाच.

हे तीन रीतींनी करून घ्या, एकाच संध्याकाळी नको. सरळ रीत अशी. खर्च किती झाला हे बघू नका, हातात किती उरलं ते बघा. भाडं गेल्यावर पगाराचे २/३ उरले. त्यातले १/४ गेले म्हणजे २/३ चे ३/४ उरले, अर्थात १/२. त्यातले २/५ गेले, १/२ चे ३/५ उरले, म्हणजे ३/१०. पगाराचे ३/१० म्हणजे १०,८००, म्हणून पगार १०,८०० × १०/३ = ३६,००० रुपये.

दुसरी उलटी रीत. शेवटून सुरुवात. १०,८०० हे कशाचे ३/५? १८,००० चे. ते १८,००० कशाचे ३/४? २४,००० चे. २४,००० कशाचे २/३? ३६,००० चे. अक्षर नाही, समीकरण नाही. सहावीतलं मूलही करील.

तिसरी रीत मुलांना जादू वाटते. पगार ६० रुपये धरा. साठच का, तर ३, ४ आणि ५ यांचा लसावि ६० आहे, अपूर्णांक त्रास देत नाहीत. भाडं २०, उरले ४०. किराणा १०, उरले ३०. फी १२, उरले १८. आपण धरलेल्या साठातून १८ उरतात, प्रत्यक्षात १०,८०० उरलेत, म्हणजे ६०० पट. म्हणून पगार ६० × ६०० = ३६,०००. हिला इष्टकर्म म्हणतात. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त इष्टकर्म आहे, आणि शेवटून मागे जाण्याची उलटी रीतही आहे. भास्कराचार्यांचं नाव आपल्या जळगाव जिल्ह्याशीही जोडलेलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेखच तिथे आहे. मुलीला हे सांगा, इतिहास म्हणून नव्हे, तर 'एक्स'शिवायही गणित सुटतं आणि ती लबाडी नाही हे कळावं म्हणून.

इष्टकर्माची मर्यादा मात्र सांगायला हवी, नाहीतर मुलं ते सगळीकडे लावतात. सगळे खर्च 'अमुक भाग' अशा रूपात असतील तरच ते चालतं. मध्येच "आणि वर ५०० रुपये" असं काही आलं की ते कोसळतं, कारण पगार दुप्पट धरला तरी ते ५०० काही दुप्पट होत नाहीत. तिथे उलटी रीत किंवा समीकरण.

ताळा तिन्ही रीतींना एकच: ३६,००० मधून १२,००० गेले, उरले २४,०००, त्यातून ६,०००, उरले १८,०००, त्यातून ७,२००, उरले १०,८००.

फोटोच्या कोपऱ्यात पदावलीचं एक उदाहरण होतं, तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत, पण सांगते. २० − ८ + ५ चं उत्तर तिने ७ लिहिलंय. हा 'कंचेभागुबेव'चा प्रताप. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम घोकल्यावर 'बे' आधी म्हणून तिने ८ + ५ केलं. बेरीज आणि वजाबाकी एकाच दर्जाच्या, डावीकडून उजवीकडे करायच्या: २० − ८ = १२, १२ + ५ = १७. भागाकार-गुणाकारही एका दर्जाचेच, पण तिथे 'भा' आधी केल्याने उत्तर बिघडत नाही, म्हणून ही चूक नेमकी बेरीज-वजाबाकीतच फुटते. 'चे' मात्र खरोखरच आधी करायचा. ६० ÷ २० चे १/२ यात आधी २० चे १/२ म्हणजे १०, मग ६० ÷ १० = ६.

आता तुम्ही किती सांगायचं. माझं मत कडक आहे: पेन्सिल तुमच्या हातात येता कामा नये. तुम्ही सोडवलेलं बघताना तिला 'कळतं', कारण कठीण भाग, म्हणजे पहिली ओळ, तुम्ही आधीच पार केलेला असतो. उरलेली आकडेमोड तिला येतेच. अडली तर पुढची ओळ सांगू नका, मागची ओळ वाचायला सांगा. "हा क्ष कुणाचा?" "कधीचं वय?" "हे टक्के कशाचे?" इतकेच प्रश्न. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. ही शांतता पालकांना फार जड जाते, पण विचार त्याच वेळात होतो. अगदीच हललं नाही तर आकडे सोपे करून द्या, तेच उदाहरण २ मजूर आणि ३ दिवसांवर आणा.

गाईड घरात असेलच, आणि हल्ली मोबाईलवर फोटो काढला की पूर्ण सोडवलेलं उदाहरण समोर येतं. बंदी घालण्यात अर्थ नाही. कोऱ्या कागदाने उत्तर झाका, एक ओळ उघडा, पुढची ओळ तिने लिहावी, मग दुसरी उघडून ताडून बघावी. दहावीच्या पेपरात 'खालील कृती पूर्ण करा' म्हणून रिकाम्या चौकटींचे प्रश्न येतात, त्यांचाही सराव यातूनच होतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण काहीही न बघता, कोऱ्या पानावर. दहा नवी करण्यापेक्षा हे एक जास्त उपयोगाचं.

भूमितीचं तुम्ही ओझरतं विचारलंत. तिथेही हाच हिशेब: आकृती, पक्ष, साध्य आधी लिहायचं, आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. 'बाकोबा कसोटी' लिहिलं तर कोणत्या दोन बाजू आणि त्यांच्यामधलाच कोन कोणता, हे वरच्या तीन ओळींत आलेलं असलं पाहिजे. आत्ता एवढं पुरे.

क्लास लावावा का, याचं उत्तर दोन महिन्यांनी देऊ. तोवर तिला ही दोन उदाहरणं द्या.

एका शेतकऱ्याने साठवलेल्या कांद्यापैकी निम्मा आणि आणखी ४ क्विंटल लासलगावला विकला. उरलेल्यापैकी एक तृतीयांश आणि आणखी २ क्विंटल गावातल्या व्यापाऱ्याला दिला. चाळीत १२ क्विंटल उरला. सुरुवातीला किती होता?

बाबांचे आजचे वय ३७ वर्षे आणि मुलीचे १० वर्षे आहे. किती वर्षांनी बाबांचे वय मुलीच्या वयाच्या चौपट होईल?

पहिल्याचं उत्तर ५० क्विंटल. इथे इष्टकर्म लावायला गेली तर लावू द्या, कुठे फसतं ते तिलाच दिसेल. दुसऱ्यात ३७ + क्ष = ४(१० + क्ष) सोडवल्यावर क्ष येतो उणे १. वर उणे वय हास्यास्पद ठरलं होतं, म्हणून ती हे उत्तर चूक समजून खोडायला निघेल. पण इथे क्ष हे वय नाही, 'आजपासून किती वर्षांनी' आहे. खोडण्याआधी तिला पहिली 'समजा'ची ओळ वाचायला लावा आणि मागच्या वर्षीची दोघांची वयं लिहायला सांगा: ३६ आणि ९.